पलटण, रिसाला आणि तोफखाना : सैन्यातील थट्टेची परंपरा

हिंगोली शहरात पत्ता विचारणाऱ्याच्या कानावर पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे हमखास पडतात. राज्य राखीव पोलीस बलाच्या बाराव्या गटामुळे या शहराला गणवेश अपरिचित नाही. परंतु पायदळाची पलटण, घोडेस्वारांचा रिसाला आणि तोफा येथून जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. पायदळ, घोडदळ व तोफखाना या सैन्याच्या तीन अंगांची नावे मात्र वस्त्यांना चिकटून राहिली आहेत. प्रत्येक अंगाची वस्ती वेगळी, शिस्त वेगळी आणि अर्थातच अभिमानही वेगळा. जेथे असे वेगळे अभिमान शेजारी शेजारी नांदतात, तेथे एकमेकांची टर उडविणे ओघानेच येते. जगातील बहुतेक सर्व सैन्यांत आढळणारी ही थट्टेची परंपरा वरवर पाहता केवळ करमणूक वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे कामाची विभागणी आहे, इतिहास आहे आणि काही धोकेही आहेत.

छावणीचे गाव

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. मात्र हिंगोलीचे लष्करी महत्त्व त्याहून कितीतरी जुने आहे. निजामाच्या खर्चाने पोसलेली, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील 'हैदराबाद कॉन्टिन्जंट' ही फौज एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये तैनात होती. तिची सुरुवात हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिगेडपासून झाली. १८५३च्या तहानंतर तिला नवे रूप मिळाले. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर आणि हिंगोली ही तिची प्रमुख ठाणी होती.

१९०३मध्ये लॉर्ड किचनेर यांच्या पुनर्रचनेत ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. रिसाल्यांना 'डेक्कन हॉर्स'सारखी नावे मिळाली, पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले आणि तोफखाना बरखास्त झाला. तिन्ही अंगांच्या वाट्याला आलेले हे नशीब पाहिले, तर एखाद्या जुन्या घोडेस्वाराने तोफखान्याच्या गोलंदाजाला चिडविण्याची संधी सोडली नसती. पण काळाने पायदळाचीही थट्टा केलीच. या पलटणींपैकी बहुतेक पुढे '१९ हैदराबाद रेजिमेंट'मध्ये गेल्या आणि १९४५मध्ये त्या रेजिमेंटचे नाव बदलून 'कुमाऊँ रेजिमेंट' झाले. दख्खनच्या काळ्या मातीतली पलटण अशा रीतीने हिमालयाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळाले, ते मेजर सोमनाथ शर्मा याच परंपरेतील चौथ्या कुमाऊँ पलटणीचे होते.

कोशात उरलेले सैन्य

मराठी भाषेनेही या स्पर्धेच्या खुणा जपल्या आहेत. मराठा घोडदळात 'शिलेदार' स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येई, तर 'बारगीर' सरकारी घोड्यावर बसे. त्यामुळे शिलेदाराचा तोरा अधिक. आज 'शिलेदार' हा शब्द गौरवाने वापरला जातो आणि 'बारगीर' जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. म्हणजे जुन्या भांडणाचा निकाल भाषेने शिलेदाराच्या बाजूने दिला. घोड्याच्या खोगिरात भरायच्या टाकाऊ सामानावरून 'खोगीरभरती' हा शब्द आला. छावणीमागून चालणाऱ्या बिनलढाऊ गर्दीला 'बाजारबुणगे' म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या कामात विनामोबदला राबण्याला 'लष्कराच्या भाकरी भाजणे' असे नाव पडले. तोफ डागणारा 'गोलंदाज' तर छावणीतून थेट क्रिकेटच्या मैदानात गेला. घरात चार मुले अधिक जमली की आजी 'पलटण आली' म्हणते, ती त्याच शब्दसंपत्तीतून.

सैन्याच्या स्वतःच्या भाषेत हा भेद आजही अधिकृत आहे. पायदळात शिपाई, हवालदार, सुभेदार असे हुद्दे आहेत. त्याच दर्जाच्या माणसाला चिलखती दलात सवार, दफादार, रिसालदार म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडी गेली आणि चिलखती गाड्या व रणगाडे आले, पण स्वार 'सवार'च राहिला. 'डेक्कन हॉर्स' आणि 'पूना हॉर्स' ही आज रणगाड्यांच्या रेजिमेंटांची नावे आहेत. घोडा नसलेल्या या घोडदळाला पायदळाने चिमटे काढावेत यात नवल नाही.

चिखल, ग्रीज आणि बारूद

भूदलातील अंगांविषयीचे ठोकळेबाज समज साधारणपणे सर्वत्र सारखेच आहेत. पायदळाचा जवान म्हणजे चालणारा, खणणारा आणि फार प्रश्न न विचारणारा. रणगाडेवाला म्हणजे पायी चालण्याचा कंटाळा असलेला, काळी टोपी ऐटीत मिरविणारा आणि आजोबांच्या घोड्याच्या गप्पा मारणारा. तोफखान्याचा माणूस म्हणजे शत्रूपासून काही मैल दूर उभा राहून हिशेब मांडणारा आणि आयुष्यभर तोफांच्या आवाजात राहिल्याने थोडे मोठ्यानेच बोलणारा. इंजिनिअर दलाचा सॅपर तऱ्हेवाईक समजला जातो. सॅपर अधिकारी एकतर वेडा असतो, नाहीतर विवाहित, नाहीतर मेथडिस्ट पंथाचा, अशी जुनी ब्रिटिश कोटी आहे आणि ती भारतीय सॅपरांच्या कानीही वारशाने आली.

महाराष्ट्रात या थट्टेला घरचेच मैदान लाभले आहे. पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र व देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र आणि यांत्रिक पायदळाचे रेजिमेंटल केंद्र ही दोन्ही एकाच शहरात आहेत. यांत्रिक पायदळाचे जवान चिलखती गाडीतून येतात आणि उतरून लढतात. त्यामुळे पायदळाच्या मते ते लाडावलेले आणि रणगाडेवाल्यांच्या मते अर्धवट.

सीमेपलीकडे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. या रेजिमेंटच्या जवानाला सर्व सैन्यात 'गणपत' या नावाने ओळखतात. बाहेरच्याने दिलेले हे नाव रेजिमेंटने स्वतःच आनंदाने स्वीकारले. रेजिमेंटच्या आतही पलटणी आपापली बिरुदे जपतात. पहिली ती 'जंगी पलटण' आणि दुसरी ती 'काळी पाचवी'. दुसऱ्या पलटणीला पाचवी का म्हणतात, हा प्रश्न नवख्याला पडतोच. तिच्या जुन्या क्रमांकाचा तो अवशेष आहे. क्रमांक बदलले, सरकारे बदलली, पण पलटणीने टोपणनाव सोडले नाही.

पायदळ आणि घोडदळ यांच्यातील ओढीचे एक बोलके उदाहरण हैदराबाद संस्थानाच्याच फौजेत सापडते. परमवीर चक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचे शिक्षण पुण्यात झाले. हैदराबादच्या फौजेत त्यांना प्रथम पायदळात नेमणूक मिळाली; मन मात्र घोडदळाकडे होते. हातबाँबच्या सरावात एका नवशिक्याचा बाँब चुकीच्या ठिकाणी पडला, तेव्हा तारापोर यांनी उडी घेऊन तो उचलून बाहेर भिरकावला आणि त्यात ते जखमी झाले. फौजेचे प्रमुख जनरल एल एद्रूस यांनी कौतुकासाठी बोलावले असता त्यांनी चिलखती रेजिमेंटमध्ये बदली मागून घेतली. पुढे पूना हॉर्सचे नेतृत्व करताना १६ सप्टेंबर १९६५ रोजी ते धारातीर्थी पडले. रिसाल्याची ओढ काय असते, हे या मागणीवरून कळते. ती केवळ ऐटीची हौस नव्हती, हे त्यांच्या मृत्यूने सिद्ध केले.

जमीन, पाणी आणि आकाश

भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्यातील थट्टा आणखी वरच्या पातळीवरची. तिची सुरुवात सॅल्यूटपासूनच होते. भूदलाच्या सॅल्यूटमध्ये हाताचा तळवा समोरच्याला दिसतो. नौदलात तळवा खाली वळलेला असतो. जहाजावर काम करताना डांबर व तेलाने माखलेले हात वरिष्ठाला दिसू नयेत, हे त्याचे परंपरागत स्पष्टीकरण. हवाई दलाने २००६मध्ये भूदलासारखा सॅल्यूट सोडून तळवा ४५ अंशांत ठेवण्याची पद्धत स्वीकारली. हवाई दल दोघांच्या मध्येच लटकले, असे म्हणायला बाकीच्यांना आयते निमित्त मिळाले.

नौदलाची भाषा हा भूदलाच्या करमणुकीचा दुसरा विषय. नौसैनिकाला जमीन 'डेक' असते, भिंत 'बल्कहेड' आणि स्वयंपाकघर 'गॅली'. नौदलाची किनाऱ्यावरील आस्थापनाही जहाजाप्रमाणे 'आयएनएस' नावाने ओळखली जाते. त्यामुळे लोणावळ्याला समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर 'आयएनएस शिवाजी' हे 'जहाज' १९४५पासून नांगर टाकून उभे आहे. तेथे नौदलाचे अभियंते घडतात आणि तेथून गावात फेरफटका मारायला निघालेला नौसैनिक 'किनाऱ्यावर' जातो. दाढी राखण्याची मुभा हाही नौदलाचा विशेष. भूदलात ती धार्मिक कारणाखेरीज नाही.

हुद्द्यांचा घोटाळा तर नित्याचा. भूदलाचा कॅप्टन हा तरुण अधिकारी असतो, तर नौदलाचा कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा. हवाई दलात त्याच पायरीवर ग्रुप कॅप्टन असतो. केवळ 'कॅप्टन येत आहेत' एवढाच निरोप मिळाला, तर स्वागताला कोणी जायचे आणि खोली कोणती द्यायची, याचा गोंधळ ठरलेला.

हवाई दलाविषयीचा सर्वांत मार्मिक विनोद मात्र खऱ्या फरकावर आधारलेला आहे. भूदलात अधिकारी जवानांना लढायला घेऊन जातात. नौदलात अधिकारी आणि खलाशी एकाच जहाजावर असल्याने तरले तर सगळे, बुडाले तर सगळे. हवाई दलात मात्र जवान अधिकाऱ्याला विमानात बसवून सॅल्यूट ठोकतात आणि लढायला एकट्याला पाठवून देतात. हसू ओसरल्यावर लक्षात येते, की तिन्ही दलांतील धोक्याची वाटणी या एका वाक्यात नेमकी सांगितली आहे.

अमेरिकेत याच जातीचा एक विनोद फार जुना आहे. 'इमारत सुरक्षित करा' असा एकच हुकूम चौघांना मिळतो. मरीन सैनिक ती हल्ला करून ताब्यात घेतात. भूदल तिच्याभोवती मोर्चे बांधून पहारा बसविते. नौदल दिवे मालवून दारांना कुलपे लावते. हवाई दल तीन वर्षांच्या भाडेकराराची आणि पुढे खरेदीची बोलणी सुरू करते. चौघांनीही हुकूम पाळलेला असतो. एकच शब्द चार दलांत चार अर्थांनी समजला जातो, हे यातील मर्म आहे. आणि युद्धात ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

थट्टेचे काम

सैनिक मरणाला सामोरा जातो तो नकाशावरच्या देशाइतकाच शेजारच्या दहा माणसांसाठी, हा जगभरच्या सैन्यांचा अनुभव आहे. ही दहा माणसे एकजीव व्हायची तर 'आपण' आणि 'ते' अशी रेघ लागते. ही रेघ शत्रूपुरती ठेवली तर शांततेच्या काळात ती पुसट होते. म्हणून शेजारची पलटण, पलीकडचे दल हे कामचलाऊ प्रतिस्पर्धी ठरतात. त्यांच्याशी सामने होतात, त्यांच्यावर विनोद होतात आणि त्यातून आपल्या कामाचा अभिमान पक्का होतो.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची रचना या दृष्टीने शहाणपणाची आहे. १९४९मध्ये डेहराडूनला सुरू झालेले तिन्ही दलांचे एकत्रित प्रशिक्षण १९५४च्या अखेरीस खडकवासल्याला आले. येथे भूदल, नौदल आणि हवाई दलाचे छात्र एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात. चुरस असते ती स्क्वाड्रन-स्क्वाड्रनमध्ये. परिणामी भावी नौदल अधिकारी आणि भावी पायदळ अधिकारी तीन वर्षे एकाच बाजूने धावतात. पुढे ते आपापल्या दलात जाऊन एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात, पण ज्याची टिंगल करायची तो माणूस ओळखीचा असतो.

थट्टा जेथे संपते

ही ओळख नसली तर काय होते, याचे उदाहरण मराठी माणसाला शोधावे लागत नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारदी याचे कवायती पायदळ व तोफा आणि मराठा सरदारांचे चपळ घोडदळ हे दोन वेगळ्या युद्धशास्त्रांचे लोक होते. मल्हारराव होळकरांचा कल गनिमी काव्याकडे, तर गारद्यांची भिस्त गोलाच्या लढाईवर. १४ जानेवारी १७६१ रोजी गारदी रोहिल्यांशी झुंजत असताना त्यांच्या पाठीशी राहण्याऐवजी विठ्ठल शिवदेव विंचूरकर व दमाजी गायकवाड यांचे घोडेस्वार पुढे घुसले आणि बंदुकांच्या माऱ्यात मागे फेकले गेले, असे वर्णन येते. पराभवाची कारणे अनेक आहेत. पण एका अंगाचा दुसऱ्यावर विश्वास नसणे हे त्यातील एक, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

याउलट चित्र सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे दिसले. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना अडविताना एकीकडे जुन्या शर्मन रणगाड्यांसह डेक्कन हॉर्स उभी होती. दुसरीकडे पायदळाच्या चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरील तोफेने रणगाडे टिपत होते. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्या फौजेची पलटण आणि रिसाला हिंगोलीत वेगवेगळ्या वस्त्यांत राहत होते, तिच्या रिसाल्याचा वारस येथे पायदळाच्या खांद्याला खांदा लावून लढला.

श्रेयाचा वाद मात्र विजयानंतरही उद्भवतो. डिसेंबर १९७१मध्ये राजस्थानातील लोंगेवाला चौकी पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीने रात्रभर धरून ठेवली आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी शत्रूच्या रणगाड्यांची दाणादाण उडविली. हे यश अधिक कोणाचे, यावर पुढे अनेक वर्षे दोन्ही दलांच्या निवृत्त अधिकाऱ्यांत खडाजंगी झाली. अशी चढाओढ केवळ आठवणींपुरती राहत नाही. हेलिकॉप्टरे कोणाच्या ताब्यात असावीत, खर्चात वाटा किती, हुकूम कोणाचा, येथपर्यंत ती पोहोचते. कारगिल युद्धानंतरच्या फेरविचारातून तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा, ही शिफारस २००१मध्ये झाली. ते पद प्रत्यक्षात आले १ जानेवारी २०२० रोजी. संयुक्त आस्थापनेच्या प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार देणारा कायदा होण्यास २०२३ उजाडावे लागले. विनोदातली भिंत कागदावर किती जाड असते, याचा अंदाज या तारखांवरून यावा.

विनोद आणि शिक्का

ठोकळेबाज समजांचे दुसरे, अधिक घातक रूप थट्टेच्या वेषात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जाती'ची कल्पना ब्रिटिश धोरणात रुजली. काही समाज जन्मतः शूर आणि काही लढण्यास अपात्र, असा हा शिक्का होता. मुंबई इलाख्याच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महार सैनिकांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ स्वतः सुभेदार होते. भरतीबंदीने एका समाजाची कोणती वाट बुजली, हे त्या घराला ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७मध्ये महारांची पलटण उभी झाली आणि १९२१मध्ये मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन झाली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला, दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीत. मराठा सैनिकांकडेही रॉबर्ट्सप्रणीत दृष्टी साशंकतेनेच पाहत होती. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीत मिळविलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसने त्या शंकेचे उत्तर दिले.

'गणपत' हे नाव आणि 'लढवय्या नाही' हा शेरा यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला गणपत तितक्याच खट्याळपणे उत्तर देऊ शकतो, आणि संध्याकाळी दोघे एकाच चुलीपाशी बसतात. दुसरा शेरा भरतीच्या वहीत लिहिला जातो आणि त्यावर उत्तर द्यायला माणसाला रांगेतच उभे राहू दिले जात नाही. थट्टा बरोबरीच्या लोकांत होते; बरोबरी नसेल तेथे तिचा अपमान होतो, आणि त्या अपमानाला सरकारी मोहोर लागली की पिढ्यांचे नुकसान होते.

पेन्शनपुरा

हिंगोलीतील लष्करी नावांच्या वस्त्यांत पेन्शनपुरा हे नाव थोडे वेगळे आहे. पलटण, रिसाला, तोफखाना ही चाकरीत असलेल्यांची नावे. पेन्शनपुरा सेवा संपलेल्यांचा. तिन्ही अंगांच्या माणसांना सामावून घेणारे नाव या वस्त्यांत हेच एक. चाकरीत असताना वेगवेगळ्या बराकींतून एकमेकांवर कोट्या करणाऱ्यांची गत शेवटी एकच होते, असे जणू ते सांगते. निवृत्त फौजी भेटले की आजही पहिला प्रश्न 'कोणत्या पलटणीत होता?' हाच असतो, आणि उत्तर ऐकताच समोरचा काहीतरी खोचक बोलतो. त्या खोचक बोलण्यात ओळख पटल्याचा आनंद असतो. तो आनंद जपायचा आणि नियोजनाच्या टेबलावर मात्र ती कोटी येऊ द्यायची नाही, एवढा विवेक सैन्याला शांततेच्या काळातच अंगी बाणवावा लागतो.